रोजची विचारपूस

“आजोबा, जेवलात का?” तिनं नेहमीसारखं हसऱ्या आवाजात विचारलं. डोळ्यांत पाणी असलं तरी आवाज हसरा ठेवायची कला तिला बँकेच्या खिडकीवर साधली होती.

ती खिडकी मल्टिपल स्क्लेरोसिसनं हिरावून घेतली. बोटं बधिर झाली, दुपारनंतर अंगात त्राण उरेना. घरच्यांनी ‘आराम कर’ म्हणत तिला अडगळीतच टाकलं. रोजगार केंद्रातल्या ताई मात्र हटल्या नाहीत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन करून विचारपूस करायची, असं घरबसल्या काम त्यांनी मिळवून दिलं. पुढं त्यांतलं कुणी लेकीकडे गेलं, कुणी कायमचं गेलं. उरले हे आजोबा. तेही सुटले की काम संपलं, असं ताईंनी बजावलं होतं.

“जेवलो. तुम्ही?” आजोबांचा आवाज जड, शब्द ओढत यायचे. पण पठ्ठ्या पहिल्याच घंटीला फोन उचलायचा. “दुपारी जरा पडता ना? आज कुणाशी बोललात?”

“अहो, विचारायचं मी असतं!”

ते हसले. मग घसा खाकरला. “एक विचारू? रोज बोलायची आता गरज आहे का? खरं सांगा.”

नोकरीचं सांगावं, तर म्हणतील, पोरीची माया पगारी निघाली. म्हणून तिनं दुसरंच कारण काढलं, आणि सांगता सांगता तिला कळलं की ते खोटं नाही.

“मलाच हवं असतं हो. दिवसभर दुसरं कुणी बोलत नाही माझ्याशी. घर खायला उठतं.”

“मग उद्या करा फोन,” ते हळूच म्हणाले. “मी आहे.”

तिचा जीव भांड्यात पडला.

पलीकडे रिसीव्हर नेहमीसारखा आपटत, घसरत राहिला. बोटं ऐकत नाहीत, असं आजोबा म्हणायचे. वय झालं, दुसरं काय! आज तो जागेवर बसलाच नाही.

“विचारलंत का?” लांबून आवाज आला. ताईंचा.

“विचारलं. बाई अजून एकट्याच आहेत, स्वतःच म्हणाल्या. म्हणजे त्यांची विचारपूस करायची माझी नोकरी टिकली ना, ताई? बोटं बधिर, जीभ जड अशा या आजारात बसल्या जागेचं दुसरं काम मला कोण देणार? एवढंच, की त्या मला आजोबा म्हणतात. चाळिशीही उलटली नाही हो माझी अजून.”