कुंभारणीचा लांडगा

नात आरोहीच्या हातात कानडी गोष्टींचं पुस्तक दिसलं की नागेंद्रअण्णा नाक मुरडायचे. "त्या भाषेत वाचण्यासारखं काय असतंय गं? पुस्तकं आमच्या लहानपणी होती, मराठीत!" मग कुंभारणीनं भट्टीत लपवलेल्या जखमी लांडग्याची गोष्ट रंगवून सांगायचे. पुस्तकाचं नाव तेवढं आठवत नव्हतं. त्यापायी खडेबाजारातली पुस्तकांची दुकानं पालथी घालून झाली होती.

परवा थोरल्या आक्कांनी माळ्यावरून एक फाटकं पुस्तक काढून त्यांच्यापुढं टाकलं. "घे तुझा लांडगा."

चित्र बघून अण्णा गहिवरले. पान उलटलं नि चेहराच उतरला.

"आक्का, ह्ये तर कानडी हाय!"

"मग? तुला वाचाय येत नव्हतं. मीच वाचून मराठीत सांगायची."



आक्कांनी पुस्तक ओढून आरोहीला दिलं. "वाचून दाखव गं आज्ज्याला. त्येला अजूनबी वाचाय येत न्हाय."