आजींचं दुखणं

"आणखी थोडं कण्हा, आजी. एवढ्यानं त्यांना पटायचं नाही," पांघरूण सारखं करत सिस्टर कुजबुजली.

आजींनी "आई गं!" अशी काही आरोळी ठोकली की सिस्टरच दचकली.

आजोबा काठी टेकत आत आले. "काय झालं हिला?"

"कंबर धरलीय. रात्री अजिबात उठायचं नाही," सिस्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

खरे पेशंट आजोबाच. हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आलेले, आणि नर्स म्हटलं की अंगाचा तिळपापड. आधीच्या नर्सला त्यांनी पहिल्याच संध्याकाळी पिटाळलं होतं. "मी काय तान्हं बाळ आहे?" शेवटी डॉक्टरांनीच आजींना युक्ती सुचवली. तुम्ही अंथरूण धरा. नर्स तुमच्या नावानं येईल आणि रात्रभर लक्ष त्यांच्यावर ठेवील.

युक्ती लागू पडली. आजींचं ब्लडप्रेशर बघून झालं की सिस्टर सहज म्हणायची, "यंत्र काढलंच आहे, आजोबा, तर तुमचाही हात द्या." आजोबा मुकाट्यानं बाही वर करायचे. गोळ्यासुद्धा घ्यायचे, "हिला सोबत म्हणून." सिस्टरची खुर्ची दोन पलंगांच्या मधोमध, पण कान आजोबांच्या श्वासाकडे.

पंचाईत एकच होती. सोंग घेता घेता आजींना खरंच झोप लागायची. कण्हायचं राहायचं बाजूला, त्या चक्क घोरायच्या.

"मेला डोळाच लागतो गं," त्या ओशाळून म्हणायच्या. "दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून डोळ्याला डोळा नव्हता ना. आता बिंग फुटलं म्हणजे?"

आठवड्यानं एका सकाळी सिस्टर घरी निघाली, तर आजोबा दारापर्यंत सोडायला आले. आत आजी गाढ झोपलेल्या.

"अजून थोडे दिवस याल ना, सिस्टर?"

"येईन की. आजींची कंबर अजून—"

"कंबर ठणठणीत आहे तिची."

"आजोबा, रागावू नका. ती युक्ती डॉक्टरांची..."

"डॉक्टरांना ती मीच पढवली." आजोबांनी मागे वळून पाहिलं आणि दार हळूच ओढून घेतलं. "स्वतःसाठी ती जन्मात आडवी झाली नसती. माझ्यासाठी म्हटल्यावर लगेच झाली."