नाकाशी धरलेला गुलाब

श्रीगोंद्याकडच्या एका शाळेत मुलांना माझ्या कादंबरीतलं प्रकरण वाचून दाखवायला गेले होते. शाळेमागच्या ओढ्यात साखर कारखान्याचं मळीचं पाणी सोडलेलं, काळंकुट्ट, फेसाळ. फाटकातच नासक्या अंड्यांसारखा असा भपकारा आला, की सकाळचे पोहे घशाशी आले. स्वागताला गुलाबाचं फूल मिळालं. ते नाकाशी धरलं ते धरलंच.

कादंबरीत एक शहर आहे. तिथलं सरकार माणसांची वासाची आठवणच पुसून टाकतं, आणि माणसं सडक्या ढिगाऱ्याशेजारी पंगत मांडून हसतखेळत जेवतात. फूल नाकाला लावूनच मी ते सगळं वाचलं.

वाचून झाल्यावर सातवीतली निकिता उभी राहिली. "मॅडम, गोष्ट भारी हाय, पन पटत न्हाई. शेजारी घान सडतीय आन् मान्साला वासच येत न्हाई, असं कुटं असतं व्हय?"

वर्ग खो खो हसला. चहाचा घोट घेता घेता त्यांचे सरही हसले. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तो वास थेट घशात उतरला. उमासा आला. मी टेबलाची कड घट्ट धरली.

निकिता धावत आली. तिनं माझ्या हातातला गुलाब अलगद काढून घेतला.

"ह्याच्याच वासानं मळमळतंय तुमाला," असं म्हणून तिनं ओढ्याकडची खिडकी सताड उघडली. "घ्या, जरा मोकळी हवा घ्या."