वरचं प्लास्टिक

गेम पुन्हा अडखळला. पडद्यावरचा शिपाई धावता धावता थिजला, आणि चित्र पुन्हा हललं तेव्हा तो मरून पडलेला होता. मुलीनं हेडफोन काढून टेबलावर आपटले.

"सुरुवातीला कसा पळतो, आणि पाच मिनिटं झाली की रडायला लागतो!"

कॉम्प्युटर कोरा करकरीत होता. जेवणाच्या टेबलावर सुटे भाग मांडून तिनं आणि बाबांनी तो स्वतः जोडला होता. सकाळपासून तिनं केबल बदलून पाहिली, सेटिंगं उतरवून पाहिली, ड्रायव्हर नव्यानं टाकले. कुठे घोडं पेंड खातंय तेच कळेना. आणि संध्याकाळी एका व्यावसायिक गेमिंग टीमच्या निवडीचा सामना. टीमनं घेतलं तर पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या शहरात, त्यांच्याकडे राहून, पगारावर खेळायचं. नाही घेतलं तर काय, हे तिनं मनातसुद्धा आणलं नव्हतं.

बाबा सकाळपासून येऊन जाऊन दारातच उभे. 'आमच्या पोरीला खेळायचा पगार मिळणार' असं ते ऑफिसात हसून सांगत, पण तिनं तिकडे एकटीनं राहायचा विषय काढला की म्हणत, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे काय असतं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

"आज नाहीच जमलं तर पुढच्या वेळी देता येईल ना सामना?" त्यांनी विचारलं.

"पुढची वेळ नसते, बाबा."

तिनं पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसेल असं केलं आणि गेम परत चालू केला. आकडा भराभर चढत शंभरावर जाऊन बसला. त्याच क्षणी शिपाई थिजला.

"तापतोय! म्हणून काम हळू करतोय बिचारा. पण पंखा तर फिरतोय. मग उष्णता बाहेर का पडत नाही?"

तिनं कॉम्प्युटर बंद केला, खोक्याची बाजू उघडली आणि कूलरचे स्क्रू सोडवायला घेतले. प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणारा तो धातूचा ठोकळा बाबांनी बसवला होता. 'मुख्य काम तुमच्या हातचं' म्हणत तिनंच तो मोठ्या मानानं त्यांच्या हातात दिला होता.

ठोकळा उचलला आणि तिनं कपाळावर हात मारला. तळावर पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं. कोपऱ्यात ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलेलं, की बसवण्याआधी काढा.

"बाबा, हे काढलं नाहीत तुम्ही?"

"ते वरचं प्लास्टिक? ते कशाला काढायचं?"

"अहो, लिहिलंय त्यावर!"

"वाचलं की मी. पण तळ कसा आरशासारखा होता गं. उगाच ओरखडा पडला असता."

मुलीला त्यांचं ते 'बघू' आठवलं. मग बोलू नये ते बोलून गेली.

"मुद्दाम केलंत ना? मी जाऊ नये म्हणून?"

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते वाकून ती लाल अक्षरं पुन्हा वाचू लागले.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"मुद्दाम? हा माणूस? अगं, टीव्हीचा रिमोट बघ, आकडे दिसत नाहीत इतकं प्लास्टिक पिवळं पडलंय. कपाटावरची ती बॅग बघ. फिरायला जायचं म्हणून हौसेनं आणली, ती अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्ये. बॅग खराब होईल म्हणून आम्ही फिरायलाच गेलो नाही!"

मुलीला हसू आलं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं माझं, बाबा."

बाबांनी ठोकळा तिच्या हातून घेतला, प्लास्टिकच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि ओढलं. घरात आलेल्या कुठल्याही नव्या वस्तूवरचं प्लास्टिक त्यांनी आजवर स्वतःच्या हातानं काढलं नव्हतं. खाली धातू लखलखला. तो त्यांनी डोळे भरून पाहिला आणि परत तिच्या हातात दिला.

तिनं औषधांच्या डब्यातलं स्पिरिट घेऊन प्रोसेसरवरची जुनी, उष्णता ठोकळ्याकडे नेणारी पेस्ट पुसली, नळीत उरलेली नवी लावली.

"तुम्हीच बसवा."

"मी?"

"मग कोण?"

बाबांनी ठोकळा बसवला आणि दाबून धरला. तिनं स्क्रू आवळले.

या वेळी आकडा साठाच्या पुढे जाऊन थोडा घुटमळला आणि तिथेच थांबला. शिपाई धावत सुटला, भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला, तरी थांबेना. "बाबा, बघा, बघा!" ती लहानपणी सायकलवरून ओरडायची तशी ओरडली.

"आता निवडतील?" बाबांनी विचारलं.

"आता माझ्या हातात आहे."

"मग निवडतील," ते म्हणाले, आणि खोलीतून निघून गेले.

सामना सुरू झाला. मुलीनं दार लोटून घेतलं, हेडफोन चढवले. त्यामुळे बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही, आणि मग प्लास्टिक टराटरा फाटल्याचाही नाही.

आई धावत आली. बॅग पलंगावर होती, निळीशार, उघडीवाघडी. बाबा फाटलेल्या प्लास्टिकची घडी घालत होते.

"अहो, हे काय? आधी निकाल तरी लागू द्या!"

बाबांनी बॅगेची चेन एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिली.

"वापरायलाच आणली होती ना," ते म्हणाले.