शेजाऱ्याची हरकत

विषय

"वाचून दाखवा ना, भाऊजी. चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे."

शेजारच्या वहिनींनी शिलाई मशीनवरून नोटीस त्याच्याकडे सरकवली आणि बोलता बोलता सुईत दोरा ओवला.

त्याने वाचायला सुरुवात केली. तीस वर्षं बसमध्ये थांबे पुकारलेला आवाज, पण आज दुसऱ्याच ओळीत अडखळला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्याला कंडक्टरच म्हणत.

"विनापरवाना बांधकामाबाबत. तक्रारदाराचे नाव गोपनीय."

"गोपनीय!" वहिनींचा मुलगा दारातूनच ओरडला. "समोर यायची हिंमत नाही. काका, तुम्हीच सांगा, आमच्या घरावर आम्ही खोली बांधली तर कुणाच्या पोटात का दुखावं?"

कंडक्टर नोटीस पुढे वाचू लागला.

जागेचे वर्णन

पहिल्या मजल्यावरील नवीन खोली. कंडक्टरच्या बाजूच्या भिंतीची लांबी एकशे अकरा आणि पाव इंच. कुंपणापासून अंतर सतरा इंच. नियमाप्रमाणे सोडायचे अंतर पाच फूट.

कंडक्टरने स्वतःच्या तक्रारीत भिंत 'अंदाजे दहा फूट' लिहिली होती. कचेरीने माणूस पाठवून नीट मोजून घेतलेलं दिसतंय, त्याला वाटलं. एरवी झोपलेली कचेरी नेमकी आत्ताच जागी व्हायची होती.

खोली उभी राहिल्यापासून त्याच्या घरात सकाळचं ऊन येत नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या बायकोच्या पावलांवर ते दहा वाजेपर्यंत असायचं. दिवसभरात तिच्याकडे येणारं तेवढंच एक पाहुणं. त्याने एका पानावर सगळं लिहिलं, लिफाफा डिंकाने बंद केला, आणि कचेरीच्या तक्रारपेटीत टाकला. पेटी इतकी गच्च होती की दोन बोटांनी ढकलावा लागला.

समोर जाऊन बोलायला हवं होतं. बायकोच्या आजारपणात याच मुलाने तिला तीन वेळा उचलून रिक्षात बसवलं होतं.

"मला माझ्यासाठी थोडीच हवीय ती खोली?" मुलगा म्हणत होता. "आई वर राहील, हवेशीर. ही खालची जागा दुकानाला देऊ."

"आणि मशीन?" कंडक्टरने विचारलं.

"जाईल की वर."

"मशीनला गुडघे नाहीत, तिचं बरंय," वहिनी म्हणाल्या.

मुलगा हसला. "घर माझं, जिना माझा. हात धरून नेईन."

"घर माझ्या नावावर आहे."

"तेच ते गं. तुझं काय नि माझं काय." मग तो कंडक्टरकडे वळला. "काका, सुनावणीला तुम्ही यायचंच. लागून असलेल्या शेजाऱ्याची हरकत नसेल तर दंड भरून खोली वाचते, असं तिथला कारकून म्हणाला. एवढं एक वाक्य बोला."

कंडक्टरने वहिनींकडे पाहिलं. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"तुमच्या मनाला पटेल ते बोला, भाऊजी. माझी भीड नको."

हे त्याला चपराकीसारखं लागलं.

सुनावणी

कचेरीत पंखा नुसताच आवाज करत होता. मुलाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनी गळ्यातली मापाची टेप काढायची विसरल्या होत्या; बोटाभोवती ती गुंडाळत आणि सोडत बसल्या होत्या.

"शेजारी कोण?" अधिकाऱ्याने विचारलं. "हरकत आहे?"

नाही म्हटलं की सुटलो. दोन अक्षरं. मुलगा त्याच्याकडे बघून हसत होता, अगदी विश्वासाने.

कंडक्टर उठला. "आहे."

"काका?"

"हरकत आहे. आणि तक्रारही माझीच. तोंडावर सांगायला हवी होती, चोरून दिली. माझं चुकलं."

अधिकाऱ्याने फाइल उघडली, आतल्या कागदावर नजर टाकली. मग चष्म्यावरून वहिनींकडे पाहिलं. वहिनींची टेप बोटावर थांबली होती. त्याने फाइल मिटली.

"नोंद घेतो," एवढंच तो म्हणाला.

मुलगा बाहेर आल्यावर शिव्या देईल असं कंडक्टरला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मी उचलून नेलं होतं हो काकूंना."

कारवाई

खोली पडली. दोन दिवस धूळ उडत होती. तिसऱ्या दिवशी ऊन आलं.

"आलं बघा," बायको म्हणाली आणि पावलं हलवली. तो खिडकीकडे पाठ करून भांडी घासत राहिला.

वहिनींचा मुलगा महिन्याभरात आपल्या बायकोला घेऊन तिच्या माहेरगावी निघून गेला. गल्ली कंडक्टरला बघून गप्प व्हायला लागली. वाण्याने एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "काय कंडक्टर, आमच्या दुकानाची पायरीपण मोजली का?" लोक हसले. तोही हसला, आणि साखर न घेताच घरी आला.

वहिनींची मशीन खालच्याच खोलीत चालू असे. तो त्यांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायचा.

आवक

चार महिन्यांनी तो बायकोच्या दाखल्यासाठी कचेरीत गेला. शिपाई तक्रारपेटीचं कुलूप हातोडीने फोडत होता.

"किल्ली हरवून तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "आज नवी पेटी आलीय. जुन्यातलं कुणी काही वाचलंच नाही बघा."

त्याने पेटी टेबलावर उलटी केली. सगळ्यांत शेवटी टाकलेला लिफाफा सगळ्यांत खाली राहिला होता. डिंकाने बंद केलेला, न उघडलेला. कंडक्टरने स्वतःचं अक्षर ओळखलं आणि तो उचलून घेतला.

घरी येताना तो पहिल्यांदाच चपला घालून वहिनींच्या दारात उभा राहिला. लिफाफा मशीनवर ठेवला.

वहिनींचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. त्यांनी लिफाफा उलटापालटा करून पाहिला.

"भिंत किती लिहिली होतीत?" त्यांनी विचारलं.

"दहा फूट. अंदाजे."

वहिनींनी गळ्यातली टेप काढली आणि हळूहळू बोटाभोवती गुंडाळली.

"नाही, भाऊजी. एकशे अकरा आणि पाव. मी दोनदा मोजली होती."