शेया म्हणजे भरलेली

मानवी ज्ञानात मोठी भर पडायची वेळ आली होती. पुराला पोर्तुगीज लोक ‘शेया’ आणि त्यांच्या शेजारचे स्पेनमधले गॅलिशियन लोक ‘चेआ’, म्हणजे ‘भरलेली’, का म्हणतात, यावर देवस्थळी सरांनी कल्याणच्या खाडीकाठी, तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत अकरा वर्षं खपून हाताने प्रबंध लिहिला होता. घरमालकीण बायजाबाईंना ते समजावत होते, “भरलेला चंद्र, भरलेली खाडी, भरलेली नदी. शब्द एकच!”

“हुशार लोक हायेत,” बायजाबाईंनी मनापासून दाद दिली. “पुनवेची भरती, वर पाऊस. मंग पानी घरानच येनार. आज पुनवच हाय, मास्तर.”

तेवढ्यात पाणी उंबरा ओलांडून आत आलं. सर प्रबंधाच्या पेटीकडे धावले. कोपरा रिकामा होता.

“पेटी सकालीच गच्चीवर नेली,” बायजाबाई म्हणाल्या. “आदी कोंबड्या, मंग ती.”