वहीतले शनिवार

वॉरिक चार महिने जुनी स्पोर्ट्स कार शोधत होता. विकणारे सगळे थापा मारतात, असं त्याचं आता ठाम मत झालं होतं. ॲडलेडमध्ये नोरीनच्या दारातली लाल दोन सीटर मात्र त्याच्या मनात भरली. नवरा गेला म्हणून तिने ती विकायला काढली होती. अठरा हजार डॉलर. वॉरिक म्हणाला, चौदाच आहेत. ती म्हणाली, मग राहू द्या.

"केन फक्त शनिवारी काढायचा हो," ती म्हणाली. "बोलिंग क्लबला जायला. हा काय, चर्चच्या मागे."

वॉरिकचं तोंड वाकडं झालं. "एवढ्याशा फेऱ्यांनी इंजिनाची वाट लागते. धड तापतच नाही ते. वही दाखवा बरं."

जुन्या गाडीची सवलतीतली नोंदणी. प्रत्येक फेरी वहीत लिहायची, नाहीतर दंड. केन कायद्याला धरून चालणारा माणूस होता. नऊ वर्षं, दर शनिवारी, सुवाच्य अक्षरात: व्हिक्टर हार्बर, जाऊन-येऊन एकशे सत्तर किलोमीटर.

"अहो, हे झकास झालं!" वॉरिकचा चेहरा उजळला. "दर आठवड्याला हायवे! एक शनिवार चुकलेला नाही. इतका भरवशाचा माणूस शोधून सापडत नाही."

नोरीनने चष्मा लावला. वही शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि मिटली.


"चौदाला न्या. आणि डिकीत त्याचे बोलिंगचे बूट आहेत, तेही घेऊन जा. कोरेच असतील."